पश्चिमेच्या माळरानावर मांडलेला दुसरा संसार: श्रद्धा, प्रेम आणि इतिहास यांच्या कादंबऱ्यांविषयी

मृण्मयी (धागाकर्ती)

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या आणि ख्रिस्ती श्रद्धेचे अधिष्ठान असलेल्या प्रेमकादंबऱ्या हा इंग्रजीतला एक मोठा आणि मनापासून वाचला जाणारा प्रकार आहे. मराठीत त्याविषयी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, आणि जे वाचक या पुस्तकांकडे वळतात तेही बहुधा विरंगुळा एवढ्याच शब्दात त्यांची बोळवण करतात. मला मात्र हा प्रकार गंभीरपणे वाचण्याजोगा वाटतो. नेब्रास्कात राहायला आल्यापासून हे मत अधिकच पक्के झाले आहे, कारण या कथा ज्या भूमीवर घडतात ती रोज नजरेसमोर असते आणि कोणत्या लेखिकेने ती खरोखर पाहिली आहे, हे चटकन ओळखू येते.

कथेचा सांगाडा बहुतेकांना ठाऊक असेल. पूर्वेकडून निघालेल्या तरुणीचा नवरा वाटेतच दगावतो, तिच्याजवळ पैसा नाही आणि परतीची वाटही नाही. जवळच्या वस्तीवर एक विधुर आहे, त्याची लहान मुलगी आईविना आहे. हिवाळा तोंडावर आलेला असतो, आणि फिरता पाद्री एकदा निघून गेला की वसंतापर्यंत पुन्हा येणार नसतो. म्हणून दोघे केवळ सोय म्हणून लग्न करतात, आणि प्रेम नंतर येते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या जॅनेट ओक यांच्या पहिल्या कादंबरीत हेच कथानक आहे, आणि या प्रकाराला आजचे रूप तिथून मिळाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर या सांगाड्यावर असंख्य पुस्तके उभी राहिली. त्यांतली पुष्कळशी वाचून विसरली जातात, थोडी मात्र मनात घर करतात, आणि असे का होते हा या धाग्याचा विषय आहे.

माझे उत्तर असे आहे की, जिथे प्रेम कष्टांतून उगवते आणि जिथे श्रद्धेला दुःखाची भरपाई मिळत नाही, तिथे ही कादंबरी खरी होते. नायिकेने देवावर विश्वास ठेवला म्हणून पीक वाचले, मूल बरे झाले, नवऱ्याचे मन वळले, असे ज्या पुस्तकात घडते तिथे श्रद्धा हा व्यवहार होऊन बसतो. उलट पीक गेले, मूल गेले आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवावी लागली, त्या चुलीपाशी दोन माणसे एकमेकांना ओळखू लागली, असे जिथे लिहिले जाते तिथे वाचक थांबतो.

आणि ती चूल कशी होती, हे लेखिकेला ठाऊक असावे लागते. नेब्रास्का आणि कॅन्ससच्या माळावर झाडेच नव्हती, त्यामुळे लाकडाचे घर बांधणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. खास नांगराने गवताच्या मुळांसकट जमिनीचे सुमारे फूटभर रुंद पट्टे सोलून काढायचे, कुदळीने त्यांचे दोन-तीन फूट लांबीचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून ते विटांसारखे रचायचे. भिंती दोन-तीन फूट जाड होत, त्यामुळे घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राही. पण पाऊस थांबला तरी छत पुढे कितीतरी वेळ गळत राही आणि छतातून माती, किडे, कधी सापही खाली पडत. म्हणून बायका छताखाली मलमलीचे कापड ताणून बांधत. जळणाला रानरेड्यांचे वाळलेले शेण, ते संपल्यावर गुरांचे शेण, मक्याची बुरकुंडे, नाहीतर पिळून गाठी मारलेले गवत वापरले जाई. पूर्वेच्या शहरात वाढलेली मुलगी पहिल्यांदा ते शेण कसे उचलते, काही महिन्यांनी ते उचलून त्याच हातांनी पीठ कसे मळते, एवढ्या एका बदलातून चांगली लेखिका दुसऱ्या आयुष्याची सगळी सुरुवात दाखवू शकते.

काल्पनिक नायिकांच्या आधी एका खऱ्या बाईचा उल्लेख केला पाहिजे. एलिनोर प्रुइट ही डेन्व्हरमध्ये धुणी धुऊन आणि घरकाम करून पोट भरणारी, लहान मुलीची आई होती. १९०९ साली वायोमिंगमधल्या बर्न्टफोर्कजवळच्या क्लाइड स्ट्यूअर्ट या स्कॉटिश पशुपालकाच्या घरी ती घरकामासाठी गेली आणि काही आठवड्यांतच तिने त्याच्याशी लग्न केले. डेन्व्हरमधल्या आपल्या जुन्या मालकिणीला तिने लिहिलेली पत्रे १९१४ साली पुस्तकरूपाने आली. लग्न लागत असताना आपल्या अंगावर स्वयंपाकाचा एप्रन आणि पायात जुने जोडे तसेच राहिले आहेत, हे तिच्या लक्षात आले, असे ती लिहिते. त्याच पत्रांत तिच्या आणि क्लाइडच्या पहिल्या तान्ह्या मुलाच्या मृत्यूची हकिगत आहे. जवळपास डॉक्टर नव्हता, पाद्रीही नव्हता. क्लाइडला सुतारकाम येत होते, म्हणून त्याने स्वतःच्या हातांनी ती लहानशी पेटी केली आणि एलिनोरने तिला आतून अस्तर लावले. मग तिने योहानाच्या शुभवर्तमानातला एक अध्याय निवडला आणि तीस मैलांच्या परिसरातून आलेल्या शेजाऱ्यांसमोर प्रार्थनाविधी पार पाडला. या प्रसंगात कोणी कोणाला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणत नाही. तरीही या प्रकारातल्या बहुतेक कादंबऱ्यांनी या एका पानापाशी शिकायला बसावे असे मला वाटते.

आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः मतभेद असतील तर.

कायदेकानू

धागा अत्यंत जिव्हाळ्याने लिहिला आहे. या कथांमधील लग्नांच्या मागे प्रेम, सोय आणि हिवाळा यांच्याइतकाच कायदाही उभा असतो, म्हणून त्याविषयी थोडी भर घालतो.

अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता येई. एकूण शुल्क साधारण अठरा डॉलर होते, पण त्या जमिनीवर घर बांधून पाच वर्षे प्रत्यक्ष राहणे आणि ती कसणे बंधनकारक होते. पाच वर्षांनंतर दोन शेजाऱ्यांना साक्षीला घेऊन जमीन-कचेरीत जाऊन हे सिद्ध करावे लागे, तेव्हा मालकीपत्र हाती येई.

आता या कायद्यातली ‘कुटुंबप्रमुख’ ही अट बाईच्या बाजूने पाहावी. अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेली स्त्री स्वतःच्या नावाने दावा सांगू शकत होती. नवऱ्याबरोबर नांदणारी स्त्री सांगू शकत नव्हती. म्हणजे जिच्या डोक्यावर नवऱ्याचे छत्र नाही, तिलाच कायदा जमिनीच्या दारापर्यंत येऊ देत होता. दावा सांगितल्यानंतर लग्न केले तर तो आपोआप बुडत नसे, परंतु नवरा-बायकोला दोन वेगळ्या दाव्यांवर दोन वेगळे निवास दाखवता येत नसत, त्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याच्या प्रेमात पडलेल्या बाईसमोर मन आणि जमीन यांतले एक निवडण्याचा प्रसंग खरोखर उभा राहत असे. मृण्मयीताईंनी उल्लेखिलेल्या एलिनोरच्या बाबतीत हेच घडले. तिचा दावा क्लाइडच्या जमिनीला लागून होता आणि तिच्या खोल्याही त्याच्या घराला जोडूनच बांधल्या होत्या. पत्रांतून ती एकट्या बाईने जमीन मिळवण्याचा उत्साहाने पुरस्कार करते, पण कचेरीच्या कागदपत्रांवरून असे दिसते की तिने १९१२ साली आपला दावा सोडून दिला आणि ती जमीन सासूच्या नावाने घेण्यात आली. लग्नाची बातमी तिने आपल्या मैत्रिणीला सुमारे वर्षभर कळवली नव्हती, त्यामागे काय काय असू शकेल याचा विचार एखाद्या कादंबरीकाराने जरूर करावा.

ऑरेगनमध्ये तर याच्या उलट स्थिती होती. १८५० च्या डोनेशन लँड कायद्याने सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांपैकी अविवाहित पुरुषाला ३२० एकर आणि विवाहित जोडप्याला ६४० एकर जमीन दिली, आणि त्यातली अर्धी बायकोच्या स्वतःच्या नावावर राहत असे. परिणाम असा झाला की जमिनीसाठी घाईघाईने लग्ने लागली आणि अगदी कोवळ्या वयाच्या मुलीही त्यांत दिल्या गेल्या. सोयीचे लग्न म्हटले की कादंबरीत ते नेहमी दोन प्रौढ, समजूतदार माणसांत होते. इतिहासातले चित्र इतके निर्मळ नाही, आणि लेखकाने ते ठाऊक असूनही टाळले तर वाचकाला ते जाणवते.

अरुण_यवतमाळ

मी शेतकरी कुटुंबातला आहे, त्यामुळे अशा पुस्तकांत शेती कशी दाखवली आहे याकडेच माझे लक्ष आधी जाते. पुष्कळ ठिकाणी पहिल्याच हंगामात सोन्यासारखा गहू उभा राहतो आणि मग नायक-नायिका बांधावर उभे राहून सूर्यास्त पाहतात. प्रत्यक्षात त्या माळावरचे गवत इतके दाट मुळांचे होते की पहिल्या वर्षी बरेचदा फक्त जमीन फोडून त्यात मका टोचला जाई, आणि खरे पीक पुढच्या वर्षापासून हाती लागे.

१८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाड आली तेव्हा उभे पीक तर गेलेच, पण पिकावर झाकायला टाकलेल्या गोधड्या, दोरीवरचे कपडे आणि घामाने खारावलेले अवजारांचे दांडेही टोळांनी कुरतडले. रुळांवर त्यांचा खच पडल्यामुळे आगगाड्यांची चाके घसरत होती. पुढे १२ जानेवारी १८८८ रोजी आलेले हिमवादळ तर त्याहून क्रूर होते, कारण त्या दिवशी सकाळी हवा उबदार होती आणि मुले पातळ कपड्यांत शाळेत गेली होती. दुपारच्या सुमारास काही क्षणांत तापमान कोसळले, समोरचा हात दिसेनासा झाला, आणि साधारण २३५ माणसे दगावली असा अंदाज दिला जातो. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले पुष्कळ होती.

अर्ज करणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोक पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच जमीन सोडून गेले. दुष्काळात कॅन्ससमधून पूर्वेकडे परतणाऱ्या गाड्यांच्या ताडपत्र्यांवर ‘देवावर भरवसा ठेवला आणि कॅन्ससात बुडालो’ अशा अर्थाची ओळ रंगवलेली असे. मला अशी कादंबरी वाचायची आहे, जिच्यातले जोडपे त्या परतीच्या गाडीत बसलेले आहे. जमीन गेली, कर्ज राहिले आणि तरीही लग्न टिकले, श्रद्धाही मोडली नाही. कर्जात बुडालेल्या घरात नवरा-बायकोने एकमेकांशी नीट बोलणे किती कठीण असते, हे आमच्या भागात वेगळे सांगावे लागत नाही. जमीन जिंकणाऱ्यांच्या कथा खूप झाल्या. नव्याने सुरुवात करणे म्हणजे दर वेळी पुढे जाणेच असते, असे गृहीत धरून ही पुस्तके लिहिली जातात, आणि तिथे ती मला कमी पडतात.

सई_वाचते

मला एक शंका विचारायची आहे. यांतली दोन-तीन पुस्तके मी वाचली आणि प्रेमकथा आवडली, परंतु मध्येच येणारी लांबलचक प्रवचने वाचताना पाने उलटावीशी वाटली. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे किंवा ज्यांची कोणत्याच धर्मावर श्रद्धा नाही, अशा मराठी वाचकांनी या पुस्तकांकडे कसे पाहावे? की हा प्रकार मुळात त्याच धर्माच्या वाचकांसाठी आहे?

नगरी_लेखणी

सईताई, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी माझ्या बाजूने देऊ पाहतो. मी अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढलो आहे, त्यामुळे या कथांमधील श्रद्धेचा सूर मला परका वाटत नाही, आणि इतिहास पाहिला तर तो मराठीलाही परका नाही.

बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला मिशनकार्य सुरू केले, त्याच बोर्डाने १८३६ साली मार्कस व्हिटमन आणि त्यांची पत्नी नार्सिसा यांना ऑरेगनला पाठवले. नार्सिसाची कहाणी या प्रकारातल्या कोणत्याही कादंबरीपेक्षा कमी नाही. मिशनरी होण्याची तिची मनापासून इच्छा होती, पण मूळ रहिवाशांमध्ये काम करायला एकटी अविवाहित स्त्री पाठवण्यास बोर्ड तयार नव्हते. मार्कस यांनाही पत्नी असणे सोयीचे होते. फारसा सहवास नसताना दोघांचे लग्न ठरले. १८ फेब्रुवारी १८३६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अँजेलिका या गावी ते लागले, आणि नार्सिसाने त्या दिवशी काळा पोशाख घातला होता. लगेचच दोघे पश्चिमेच्या वाटेला लागले. ४ जुलैला तिने आणि एलायझा स्पॉल्डिंग हिने साउथ पास ही खिंड ओलांडली; रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या त्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया मानल्या जातात. तिची घरी लिहिलेली पत्रे वाचली की या ठरवलेल्या लग्नातून खरे प्रेम उगवले होते याची खात्री पटते. त्यानंतर मात्र त्यांची दोन वर्षांची एकुलती मुलगी नदीत बुडाली. १८४७ मध्ये गोवराच्या साथीत काययूस या तिथल्या मूळ जमातीची मुलेमाणसे मोठ्या संख्येने मेली, गोऱ्यांची मुले मात्र बरीच वाचली, आणि डॉक्टर असलेले मार्कस आपल्याला विष देत आहेत या संशयातून व्हिटमन पतिपत्नींसह अनेकांची हत्या झाली. या शेवटाला प्रेरणादायी म्हणावे का, हा प्रश्न मी मोकळा ठेवतो, कारण काययूसांच्या बाजूने पाहिले तर तो एका उद्ध्वस्त होत चाललेल्या समाजाचा आक्रोश होता.

याच बोर्डाने १८२७ साली सिंथिया फरार या अविवाहित स्त्रीला मात्र मुंबईला पाठवले होते. परदेशात पाठवलेल्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. पुढे तिने नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि त्या पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हे आपण जाणतोच. एका बाईला ऑरेगनला जाण्यासाठी नवरा लागला, दुसरी मुंबईला एकटी आली आणि शेवटपर्यंत एकटीच राहिली. या दोघींच्या काल्पनिक पत्रव्यवहारावर कोणी लिहिले तर मी ते पुस्तक रांगेत उभा राहून घेईन.

आणि दुसऱ्या संसाराचे म्हणाल, तर मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची आहे, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर अवघ्या वर्षभराने आलेली. तिच्यात यमुनेचा नवरा जातो, ती वैधव्याचा छळ सोसते, श्रद्धेचा आधार घेते आणि अखेरीस पुन्हा विवाह करते. प्रवचने तिच्यातही आहेत, आणि ती आज जड वाटतात हेही खरे. पण त्या काळातल्या विधवेला ‘तुझे आयुष्य संपलेले नाही’ असे सांगायला दुसरी भाषा फारशी उपलब्ध नव्हती, हे ध्यानात घेतले की त्या जडपणामागची तळमळ दिसू लागते. म्हणून मी सुचवेन की प्रवचनाचे पान उलटण्यापूर्वी, ते कोण कोणाला आणि कोणत्या संकटात सांगत आहे, हे पाहावे. नवरा गमावलेल्या बाईला शेजारीण चार शब्द सांगत असेल तर ते वाचावे. लेखिकाच थेट वाचकाला उपदेश करू लागली असेल तर पान उलटायला माझी हरकत नाही.

दूर्वा

वर काययूस लोकांचा उल्लेख आला म्हणून माझा मुख्य आक्षेप मांडते. ‘मोकळी जमीन’ या कल्पनेवर हा सगळा साहित्यप्रकार उभा आहे, आणि ती जमीन मोकळी नव्हती. होमस्टेड कायद्याखाली पुढे एकंदर सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. त्यातली कितीतरी जमीन तहांनी, सक्तीने किंवा फसवणुकीने मूळ लोकांकडून घेतलेली होती. नायिका ज्या दिवशी आपल्या गवती घराचा पहिला थर रचते, त्या दिवशी तिथून कोणाला निघावे लागले होते, हा प्रश्न पुस्तकात उमटत नसेल, तर ‘नवी सुरुवात’ हे शब्द मला टोचतात.

पण हा आक्षेप घेऊन मी हा प्रकार बाजूला सारायला सांगत नाही. उलट मला वाटते की याच भूमीत, याच श्रद्धेत आणि याच काळात घडलेली एक प्रेमकथा अजून नीट सांगितली गेलेली नाही. १८७७ साली पाँका या मूळ जमातीच्या लोकांना नेब्रास्कातून सक्तीने दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूळ जमातींसाठी राखलेल्या प्रदेशात, हलवण्यात आले आणि तिथे रोगराईने त्यांची माणसे पटापट मरू लागली. स्टँडिंग बेअर या त्यांच्या प्रमुखाचा मुलगा गेला. आपल्याला बापजाद्यांच्या भूमीत पुरावे ही त्या मुलाची शेवटची इच्छा होती, म्हणून भर हिवाळ्यात मुलाच्या अस्थी घेऊन बाप काही माणसांसह उत्तरेला चालत निघाला. नेब्रास्कात पोहोचल्यावर त्याला अटक झाली. ओमाहाच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि १२ मे १८७९ रोजी न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, ही ‘व्यक्ती’ आहे. हा विषय वृत्तपत्रांतून लावून धरणारा पत्रकार टॉमस टिबल्स हा पूर्वी फिरता धर्मोपदेशक होता. निकालानंतर स्टँडिंग बेअर यांनी पूर्वेकडच्या शहरांत जी व्याख्याने दिली, त्यांत दुभाषी म्हणून ओमाहा जमातीची सुझेट ला फ्लेश ही तरुण शिक्षिका होती. टिबल्सची पत्नी १८७९ मध्येच वारली होती. १८८१ साली सुझेट आणि टिबल्स यांचे लग्न झाले. विधुर, शिक्षिका, श्रद्धा, माळरान, दुसरा संसार, हे सगळे घटक इथे आहेत. फक्त इथे नायिका जमीन मिळवायला आलेली नाही, तर आपल्या माणसांची जमीन आणि माणूसपण वाचवायला उभी आहे.

सुझेटची धाकटी बहीण सुझन हिच्याशी तर मराठी वाचकांचे एक नाते आहे. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या, तिथेच त्याच वर्षाच्या शरद ऋतूत सुझन ला फ्लेश शिकायला दाखल झाली आणि १८८९ मध्ये डॉक्टर झाली. वैद्यकीय पदवी मिळवणारी ती पहिली अमेरिकन इंडियन स्त्री मानली जाते. शिकत असताना मदत करणाऱ्या संस्थेने तिच्याकडून काही वर्षे लग्न न करण्याचे वचन घेतले होते. पदवीनंतर ती आपल्या लोकांत परतली, घोड्यावरून आणि बग्गीतून मैलोन्मैल फिरून रोगी तपासू लागली, आणि १८९४ साली, स्वतःची प्रकृती ढासळलेली असताना, तिने हेन्री पिकॉट या तरुणाशी लग्न केले. पुढे पतीच्या मृत्यूनंतर दोन मुलांना सांभाळत तिने आपले काम चालू ठेवले आणि १९१३ साली वॉल्टहिल इथे रुग्णालय उभे केले. माळरानावर पुन्हा नव्याने उभी राहणारी श्रद्धाळू विधवा हवी असेल, तर ती इथे आहे.

मृण्मयी (धागाकर्ती)

इतके भरभरून आणि आस्थेने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार. दूर्वाताई, आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. सुझेट आणि टिबल्स यांच्याविषयी वाचताना मला जाणवते की त्यांचे प्रेम व्याख्यानांच्या दौऱ्यात, आगगाडीत, एका वृद्ध बापाचे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याच्या कामात वाढले असणार. प्रेम कष्टांतून उगवते असे मी वर म्हटले, ते गव्हाच्या शेतापुरतेच खरे नाही, हे या उदाहरणाने अधिक स्पष्ट झाले.

अरुणराव, परतीच्या गाडीतल्या जोडप्याविषयी आपण लिहिलेत ते माझ्या मनात सतत घोळत आहे. त्याला जोडून कॅन्ससमधल्या निकोडेमस या गावाची आठवण करून देते. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या केंटकीच्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ते १८७७ साली वसवले. पुढच्या वर्षी तिथे पोहोचलेल्या विलियाना हिकमन या पाद्र्याच्या पत्नीने नंतर सांगितले आहे की, गाव आले असे पुरुष ओरडू लागले तेव्हा तिला गाव कुठेच दिसेना. नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले आणि ‘तेच निकोडेमस’ असे सांगितले, कारण लोक जमिनीत खोदलेल्या बिळांसारख्या घरांत राहत होते. ते पाहून तिला रडू कोसळले. ती तिथेच राहिली. या आठवणीत उपदेश नाही आणि विजयाचा आवेशही नाही, पण एखादी लेखिका जर आपल्या कादंबरीची सुरुवात या रडण्यापासून करील, तर पुढे येणारी प्रत्येक प्रार्थना वाचकाला पटेल. सईताईंच्या प्रश्नाचे माझेही उत्तर हेच आहे. आधी रडू दिले असेल, तर प्रार्थना कोणत्याही धर्माच्या वाचकाला परकी वाटत नाही.

एक गोष्ट या निमित्ताने सांगते. गेले काही दिवस मी याच प्रकारात मराठीतून एक कादंबरी लिहिण्याचा विचार करते आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, परतताना त्या सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजात बसल्या, आणि १८८९ साली त्यांचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा माळावरच्या एखाद्या गावातल्या चर्चमधली स्त्री-मंडळी हिंदुस्थानातल्या विधवांसाठी वर्गणी गोळा करत आहे, आणि त्यांतली एक बाई स्वतःच विधवा असून शेजारच्या शेतकऱ्याच्या मागणीला काय उत्तर द्यावे या विचारात आहे, असा प्रसंग मनात आहे. तिचा दावा तिच्या नावावर आहे आणि पाच वर्षे पूर्ण व्हायला अजून वेळ आहे. कायदेकानूजी, तिने मालकीपत्र हाती येईपर्यंत त्याला थांबायला सांगितले तर ते कायद्याच्या दृष्टीने सयुक्तिक ठरेल ना?

कायदेकानू

पूर्णपणे सयुक्तिक ठरेल. किंबहुना तिला पाच वर्षे थांबण्याचीही गरज नाही. त्या काळातल्या कायद्यात अशी तरतूद होती की सहा महिने राहून आणि जमीन कसून झाल्यावर एकरी सव्वा डॉलर रोख भरले, तर लगेच मालकी मिळे. १६० एकरांचे दोनशे डॉलर होतात. ते तिच्याजवळ नसणार, पण कदाचित त्या शेतकऱ्याजवळ असतील. ते पैसे तो देऊ करतो का, दिले तर कर्ज म्हणून की आहेर म्हणून, आणि ती ते घेते का, या तीन प्रश्नांवर आपली निदान चार प्रकरणे उभी राहतील. साक्षीदार म्हणून तिला दोन शेजारी लागतील, आणि त्यांतला एक तो शेतकरीच असेल तर जमीन-कचेरीत शपथेवर तो तिच्याविषयी काय सांगतो, ते प्रकरण मला सर्वांत आधी वाचायला आवडेल.